पिकरेल साहेब व चिरंजीव

"सर, ह्यो वाडगा उलटा करा आन् बुडाला काय लिवलंय ते मोठ्यांदा वाचा," असं म्हणून सुंदररावांनी चांदीचा वाडगा विलासच्या हातात दिला, तेव्हा विलासला वाटलं, आता हा आपल्या हातून पडणार. पडला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

सुंदरराव म्हणजे युसूफ वडगावच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. ऊस, ट्रॅक्टर, शाळा आणि सगळ्या गावाचं बरंवाईट त्यांच्याच हातात. लोक त्यांना नाना म्हणत. नानांच्या घरी कोणाची काय पत आहे हे विचारावं लागत नसे. हातात काय आलं ते बघायचं. मानाचा पाहुणा असला तर या चांदीच्या वाडग्यात आटवलेलं दूध, वर केशराची काडी. बेताचा पाहुणा असला तर कपबशी. आणि शाळेतला मास्तर असला तर कागदी कप, तोही अर्धा. विलास गेली कैक वर्षं कागदी कपवाला होता. वाडग्याला हात लावायची आजची त्याची पहिलीच वेळ.

विलास त्या शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि केजहून रोज जीपनं यायचा. नोकरी होती, पण कायम नव्हती. मान्यतेचा प्रस्ताव तयार होऊन नानांच्या टेबलाच्या खणात पडला होता. त्यावर नानांची एक सही हवी होती, बस्स. पण नानांना कधी 'ऊस जाऊ द्या' असायचं, कधी 'इलेक्शन हून जाऊ द्या', कधी 'पित्तरपाटा चालू हाय, आता कशाला.' गावाकडून आईचा दर रविवारी फोन यायचा आणि ख्यालीखुशालीच्या आधी ती विचारायची, "झालास का रं कायम?" विलासला आता रविवारच नकोसा झाला होता.

यंदा नानांची एकसष्टी होती आणि नानांच्या डोक्यात वाडग्यानं घर केलं होतं. वाडग्याची कथा गावात पोरंटोरंही सांगत. निजामाच्या राज्यात कोणी एक अमेरिकन साहेब मोटारीनं चालला होता. मांजरेच्या वाळूत मोटार रुतली. नानांच्या आज्यानं आपली बैलजोडी लावून ती बाहेर ओढली आणि साहेबानं खूश होऊन हा वाडगा भेट दिला. आधी बैल दोन होते. नाना पुढारी झाल्यापासून आठ झाले होते.

विलासनं वाडगा उलटा केला. बुडाला एका गोलात शेपूट वर केलेलं एक जनावर कोरलेलं होतं. त्याखाली एक आकडा, त्याखाली झिजून गेलेले दोन इंग्रजी शब्द आणि सगळ्यात खाली ठसठशीत अक्षरांत 'पिकरेल अँड सन्स, ओहायो'.

"जनावर कंचं हाय?" नानांनी विचारलं.

"खार असावी, नाना."

"खार? आमच्या आज्याला कुणी खार देईल व्हय? वाघ हाय त्यो. शेपूट बघा की."

"मुंगूस हाय ते," आतल्या दारातून आवाज आला. छबुबाई, नानांच्या आई. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या उंबऱ्यात बसल्या. "मी रोज राखुंडीनं घासते त्याला. मला म्हाईत न्हाई व्हय?"

नानांनी आईकडं लक्ष दिलं नाही. "पिकरेल अँड सन्स. सन्स म्हंजी चिरंजीव. बराबर का न्हाई सर?"

"बरोबर."

"म्हंजी साहेबानं एकट्यानं न्हाई दिलं. बापलेकांनी मिळून दिलं!"

केजच्या बाजारात 'अँड सन्स'वाल्या पाट्या वाटेल तेवढ्या होत्या. किराण्याची, कापडाची, पाइप-मोटारींची. त्याला चटकन कळलं की हे साहेबाचं नाव नाही, हे दुकान आहे.

"नाना, मला वाटतं हे दु..."

"तुमचा प्रस्ताव म्या कालच वरच्या खणात घेतलाय," नाना सहज म्हणाले. "खालच्याला वाळवी लागलीय."

विलासनं दुकानातला 'दु' तिथल्या तिथं गिळला.

पण छबुबाई सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "म्या काय म्हणते मास्तर, भांड्यावर दुसऱ्याचं नाव आसलं की दोनच गोष्टी. नावाला 'कडून' आसंल तर आहेर. 'कडून' नसंल तर ते त्येंचं भांडं, आपल्याकडं ऱ्हायलंय. लग्नाकार्यात न्हाई का ऱ्हात? मंग बाया नाव बघून आणून देत्यात." त्यांचा आवाज जरा उतरला. "लगीन हून आले तवापासून मनात हाय माझ्या. दुसऱ्याचं भांडं घरात ठेवू न्हाई. सांग बाबा, 'कडून' हाय का तितं?"

प्रश्न बिनतोड होता. आपल्याकडं भांड्याचं दुकान आलं की नाव घालणारा आलाच, आणि त्याची ती किर्रर्र करणारी मशीन आली. पेल्यापासून हंड्यापर्यंत सगळ्यांच्या अंगावर कोणी कोणाला काय दिलं ते लिहिलेलं असतं. विलासनं नानांकडं पाहिलं. नाना वरच्या खणाकडं पाहत होते.

"आहे, आजी," विलास म्हणाला. "हे दोन शब्द दिसतात ना, ते 'कडून'च आहे. जरा झिजलंय."

"नावाच्या वर?"

"इंग्रजीत वरच असतं."

छबुबाईंना ते काही पटल्यासारखं दिसलं नाही. नाना मात्र खूश झाले. त्यांनी आत हाक मारून विलाससाठी आणखी एक अर्धा कप चहा मागवला.

आणि मग सुरू झालं ते. शाळेचा क्लार्क पवन हा फ्लेक्सच्या कामातला दर्दी माणूस. नानांनी त्याला बोलावून मजकूर सांगितला आणि केजच्या चौकात दुसऱ्याच दिवशी घराएवढा मोठा फ्लेक्स लागला. मधोमध नाना, हात जोडलेले. मागं डरकाळी फोडणारा वाघ. आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत सगळ्यांच्या आधी: 'मा. श्री. पिकरेल साहेब (ओहायो), त्यांचे चिरंजीव व समस्त पिकरेल परिवार, अमेरिका.'

"फोटो कुणाचा लावलाय बे हा?" विलासनं पवनला गाठून विचारलं. फ्लेक्सवर पांढऱ्या मिशांचा एक गोरा म्हातारा दिलखुलास हसत होता.

"गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीतला हाय. लई शोभतोय का न्हाई?"

"आणि हे चिरंजीव?"

"ते बनियनच्या जाहिरातीतले. कोट म्या घातलाय त्यांना."

तोवर लोक फ्लेक्सखाली उभं राहून सेल्फी काढायला लागले होते. जीपवाले 'पिकरेल चौक' अशी हाळी देऊन सवाऱ्या भरू लागले. नानांच्या भावकीतल्या एकानं तर शेजारीच आपला फ्लेक्स लावून त्यात पिकरेल परिवाराचे जाहीर आभार मानले.

तरीही सगळं निभावलं असतं. पण नानांची लेक राजनंदिनी लग्न होऊन नेमकी त्याच ओहायोत राहत होती. फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सॲपवरनं तिच्याकडं गेला, आणि बापाची हौस पुरवायची म्हणून ती कामाला लागली. तिनं खरोखरचा पिकरेल शोधून काढला. नव्वदीकडं झुकलेला, बायको गेलेला, घरी कुत्र्याशी बोलत बसणारा म्हातारा. भारतातलं कोणी आपल्या घराण्याची आठवण काढतंय म्हटल्यावर तो रडायच्या बेताला आला, असं तिनं फोनवर सांगितलं.

"एकसष्टीला त्यांना व्हिडिओवर घेऊ, बाबा. तुमच्या संध्याकाळी इथं सकाळ असते."

"घेऊ म्हंजी? मोठा पडदा लावू! प्रमुख पाव्हणे तेच!" नानांनी फोन ठेवला आणि वळून म्हणाले, "सर, भाषांतर तुमी करायचं. ते झालं की स्टेजवरच तुमच्या प्रस्तावावर सही. सगळ्या गावादेखत."



घरी आल्यावर विलासनं बायकोला, पौर्णिमाला, सगळं सांगितलं. पौर्णिमा दवाखान्यात नर्स होती, सरकारी, कायम. तिनं त्याच्या मोबाइलमधला वाडग्याच्या बुडाचा फोटो घेतला. अमेरिकेतल्या जुन्या चांदीच्या नादी लागलेल्या लोकांचा एक ग्रुप तिला सापडला. तिथं तिनं फोटो टाकला आणि ती भाकरी थापायला बसली. भाकरी उतरेपर्यंत उत्तरं आली होती.

"घ्या," ती म्हणाली. "वाघ बी न्हाई न् मुंगूस बी न्हाई. खारच हाय, कारखान्याचा शिक्का. त्याखालचा आकडा म्हंजी डिझाइनचा नंबर. आन् तुमचं ते 'कडून' म्हंजी आत दुसराच धातू, वर चारदा चांदी चढवलेली."

"चांदी नाहीच?"

"कल्हई हाय हो, कल्हई! जरा भारीतली."

"आणि पिकरेल?"

"दुकानदार. तिकडं तवा विकणारा बी आपलं नाव बुडाला ठोकायचा म्हणं. आपल्याकडं कापडवाले पिशवीवर छापत्यात तसं. पिशवीवर नाव हाय म्हणून दुकानदारानं साडी भेट दिली, आसं कोण म्हणतंय का?"

विलास डोकं धरून बसला. पौर्णिमा मोबाइल आणखी वाचत गेली, आणि मग तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचे खांदे हलायला लागले.

"काय झालं?"

"कशाचा वाडगा हाय विचारा की."

"कशाचा?"

"चहाच्या सेटमधला हाय. कपातला गार झालेला चहा, तळाचा चोथा, उष्टं-खरकटं ओतायचं भांडं!" एवढं म्हणून ती जी हसत सुटली, की शेजारची बाई काय झालं बघायला आली. "त्यात दूध पेत्यात हो! केशर टाकून!"

"पौर्णिमा, हसू नको. मी काय करू ते सांग."

"खरं सांगून टाका."

"आणि प्रस्ताव?"

"मंग खोटं सांगा. पण सांगायचं तर पोटभर सांगा, आर्धंमुर्धं नको."

एकसष्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानात मांडव पडला. माणूस मावत नव्हतं. स्टेजवर सिंहासनासारख्या खुर्चीत नाना, शेजारी छबुबाई, आणि दुसऱ्या बाजूला सिरसाळ्याचे तानाजीराव. तानाजीराव म्हणजे नानांचे हाडवैरी. प्रत्येक निवडणुकीत दोघं एकमेकांची गचांडी धरत आणि प्रत्येक समझोत्याला एकत्र दूध पीत. आजही नानांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, अमेरिका बघायला. विलास माइक धरून पडद्याखाली उभा होता. समोर पहिल्या रांगेत पौर्णिमा, आणि तिच्या शेजारी गावाकडून खास आलेली आई. लेकाचा सत्कार बघायला म्हातारी नवं लुगडं नेसून आली होती.

पडदा उजळला. टोपी घातलेला एक म्हातारा, त्याच्या मांडीवर लठ्ठ कुत्रं आणि शेजारी राजनंदिनी.

"फ्लेक्सवरचा न्हाई ह्यो," तानाजीराव पुटपुटले.

"त्येचा चिरंजीव हाय," नाना म्हणाले.

पिकरेल साहेबानं दोन्ही हात हलवले आणि तो बोलू लागला. आमचं दुकान साधंच होतं, तो म्हणाला. पणजोबा घड्याळं, चष्मे, दिवे विकायचे आणि मागच्या खोलीत शवपेट्याही ठेवायचे.

विलासनं माइक तोंडाशी नेला. "साहेब म्हणतात, त्यांच्या पणजोबांनी लोकांना वेळ दाखवली, नजर दिली, उजेड दिला आणि शेवटच्या प्रवासापर्यंत कोणाची साथ सोडली नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नानांनी मान डोलावली. पवननं शिट्टी मारली.

वाडगा बघू, म्हातारा म्हणाला. राजनंदिनीनं सांगून ठेवलं होतं म्हणून पवननं मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर वाडगा वरखाली फिरवून दाखवला. म्हाताऱ्यानं चष्मा लावला. हो, हो, आमच्याकडं हे ढिगानं यायचे, तो म्हणाला. मुलाम्याचे आहेत, किंमत फारशी येत नाही, पण बघून बरं वाटलं.

"साहेब म्हणतात, याची किंमत होऊच शकत नाही."

परत टाळ्या. विलासला जरा धीर आला. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे त्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात नानांनी खूण केली आणि स्वैपाकाच्या मंडपातून केशरी दूध आलं. वाडगा भरला गेला आणि सगळ्यांदेखत मानानं तानाजीरावांच्या हातात दिला गेला. तानाजीरावांनी तो तोंडाला लावला.

तुम्ही त्यात काय करता, असं म्हाताऱ्यानं कौतुकानं विचारलं. विलास रंगात आला होता, त्याचं भान सुटलं. त्यानं चटकन खरं तेच इंग्रजीत सांगून टाकलं: मानाच्या पाहुण्यांना यात दूध पाजतो, ते बघा, आत्ताच पितायत.

पडद्यावर म्हातारा गप्प झाला. मग त्याची टोपी हलली. मग पोट हललं. मग तो असा हसला, असा हसला, की कुत्रं मांडीवरून उडी मारून पळालं. डोळे पुसत, खोकत तो काहीबाही बोलत राहिला. त्यात स्वैपाकीण होती, उरलेला चहा होता आणि कोंबड्या होत्या.

"काय म्हणतंय ते?" तानाजीरावांनी वाडगा खाली घेतला. मिशीवर दुधाची पांढरी रेघ. "हसलं कावून?"

"आनंद झालाय त्यांना."

"माझ्याकडं बघून हसलं की."

"तुम्हाला बघूनच झालाय."

इतक्यात छबुबाई उठल्या. नाना "आई, बसा, बसा" म्हणत राहिले, पण त्या सरळ पडद्यापुढं आल्या आणि त्यांनी हात जोडले.

"त्येला सांग मास्तर," त्या म्हणाल्या. "तुजं भांडं आमच्या घरात ऱ्हायलंय, बाबा. माज्या सासऱ्यानं का आणलं, कसं आणलं, मला ठावं न्हाई. पर नाव तुजं हाय. आमी लई वापरलं. आता घेऊन जा. मला डोळे मिटायच्या आधी ते परत दिलेलं बघायचंय."

विलासनं शब्दाला शब्द ठेवून ते सांगितलं. म्हाताऱ्याचं हसणं थांबलं. तो पुढं वाकला. नाही, नाही, त्या बाईंना सांगा, तो म्हणाला, आम्ही ते विकलं होतं. कोणीतरी दुकानातून रीतसर घेतलेलं आहे. कोणाचं राहिलेलं नाही. ते तुमचंच आहे.

विलासनं माइक या हातातून त्या हातात घेतला. हे सांगावं तर मोटार गेली, बैल गेले, वाघ गेला आणि वरच्या खणातला प्रस्तावही गेला.

"साहेब म्हणतात... भेट दिलेली वस्तू परत घेत नसतात."

छबुबाईंनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "तुज्या मायची आन हाय तुला. 'कडून' हाय का न्हाई?"

पहिल्या रांगेत नव्या लुगड्यातली आई ताठ बसली होती. इतका वेळ खोटं रचणारी विलासची जीभ अडखळली, आणि मग एकदम सैल सुटली.

"न्हाई, आजी," तो म्हणाला, तेही माइकवर. एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेलं असणार. "'कडून' न्हाई. मी खोटं बोललो. पिकरेल म्हणजे दुकानदार. पण ते तुमच्याकडं राहिलेलंही न्हाई. विकत घेतलेलं हाय. कुणाचं काही देणं न्हाई तुम्हाला. तुमचंच भांडं हाय ते."

छबुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आसं व्हय," एवढंच म्हणून त्या आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या, आणि कितीतरी वर्षांनी पाठ टेकल्यासारख्या बसल्या.

नानांचा चेहरा पिकलेल्या वांग्यासारखा झाला होता. मांडवात कुजबुज सुरू झाली. पवन हळूच स्टेजमागं सटकला.

"ते ऱ्हाऊ द्या," तानाजीराव गरजले. "ते हसलं कावून, ते सांगा आदी!"

आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? "तो वाडगा दुधाचा नाही, तानाजीराव," विलास म्हणाला. "उष्टा चहा आणि चोथा ओतायचा आहे. त्यांच्याकडं त्यातलं खरकटं कोंबड्यांना घालायचे."

मग मागून कोणीतरी कोंबड्यासारखं आरवलं आणि मांडव फुटला. तानाजीरावांनी वाडगा टेबलावर आपटला, उपरणं झटकलं आणि मिशीवरची रेघ न पुसताच ते गाडीकडं निघाले. पडद्यावर राजनंदिनी तोंडावर हात धरून वाकली होती. म्हातारा पुन्हा पुन्हा विचारत होता, सगळं ठीक आहे ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचं बोलावणं आलं. विलास जीपमध्ये बसला तो मनातल्या मनात दुसरी शाळा शोधतच. पौर्णिमा म्हणाली होती, गेली तर गेली नोकरी, माझा पगार आहे. आई म्हणाली होती, माझ्यासाठी खरं बोललास, लई झालं. पण आपण वर्गातून निघून जातोय आणि पोरं मागून बघतायत, हे काही त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

नाना बैठकीत एकटेच होते. समोर टेबलावर वाडगा आणि शेजारी प्रस्ताव.

"बसा," नाना म्हणाले. त्यांनी वाडगा उलटा करून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, तानाजीनं ह्यात किती येळा दूध पिलं आसंल?"

"मला कसं माहीत, नाना?"

"बाजार समितीच्या टायमाला. कारखान्याच्या टायमाला. त्येच्या पोराच्या लग्नात रुसवा काढला तवा. आन् दर खेपेला..." नानांचं पोट गदगदायला लागलं, "दर खेपेला बोटानं पुसून चाटलंय त्येनं! माझा साडू पिलाय. व्याही पिलाय. गेल्या इलेक्शनला ज्येनं माझं तिकीट कापलं, त्यो तर म्हणला, नाना, आसं भांडं जिल्ह्यात न्हाई!" आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "रातभर झोप न्हाई, सर. हसून हसून. आख्ख्या जन्मात मला आसं सुख कुणी दिलं न्हाई."

विलासला हसावं की पळावं कळेना.

"आन् तुमाला दिलं का म्या त्यात कंदी?" नाना एकदम गंभीर झाले. "एकदा तरी? न्हाई ना? एवढा मान ठेवला तुमचा!"

हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर लाजेची एक रेघसुद्धा नव्हती. त्यांनी पेन काढलं, प्रस्ताव ओढला आणि ऐसपैस सही केली. विलास त्या शाईकडं बघत राहिला. इतकी वर्षं वाट बघितली ती एवढ्याशा रेघोट्यांची, असं त्याच्या मनात आलं.

"चला, तोंड गोड करा," नाना म्हणाले आणि अडखळले. "पर दूध देऊ कशात तुमाला? वाडग्यात द्यावं तर आता आपमान. कागदी कपात द्यावं तर तुमी परमनंट."

"घरात तुम्ही सगळे ज्यात पिता ना नाना," विलास म्हणाला, "त्यात द्या."

नानांनी पेनाला टोपण लावलं. काढलं. परत लावलं. खिडकीतून बाहेर बघितलं. विलास हलला नाही. सही झाली होती, आता त्याला घाई नव्हती.

आतल्या दारात बांगड्या वाजल्या. छबुबाई आपला रोजचा पेला दोन्ही हातांत धरून आल्या. लेकाला म्हणाल्या, "सरक तिकडं," आणि पेला विलासच्या पुढं ठेवून त्याच्या समोरच बसल्या.

दूध बिनसाखरेचं होतं. आजींना शुगर होती. विलासनं एक घोट घेतला, मग दुसरा घेतला आणि मग सावकाश, नानांच्या डोळ्यांदेखत, अख्खा पेला रिकामा केला.